पाळीला कळत नाही तलाव केवढा

अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे गाव. मुलूख धानाचा. रोवणीला बांधीत पाणी उभे लागते, म्हणून इथल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या पाणी अडवले. कुठे लहानशी बोडी, तर कुठे पलीकडचा काठ नीट दिसू नये एवढा तलाव. जुन्या तलावांना सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक त्याचेच ‘मामा तलाव’ करून टाकतात. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. त्यांतल्या कुठल्याही तलावाची पाळ पाहा. मातीची, पायथ्याला रुंद आणि माथ्याला अरुंद.

आता एक प्रश्न. एका बोडीत पाळीलगत पाणी ३ मीटर खोल आहे. शेजारच्या शंभर एकरांच्या तलावातही पाळीलगत पाणी ३ मीटरच खोल आहे. पाळीच्या एक मीटर लांबीवर पाण्याचा जोर कुठे जास्त?

पुढे वाचण्याआधी उत्तर मनाशी पक्के करा. बहुतेकांचा कौल तलावाकडे जातो. शंभर एकर पाणी पाठीशी उभे असल्यावर पाळीची काय गत होत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हीकडे जोर अगदी सारखा असतो.

हे पटायला अवघड जाते, म्हणून मनातल्या मनात एक खटाटोप करू. तलावाचे पाणी शांत आहे. पाळीपासून हातभर अंतरावर एक पातळ काच तळापर्यंत उभी सोडा. पाणी हललेले नाही, तेव्हा काचेला दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा आहे. आता काच घट्ट धरून ठेवा आणि तिच्या पलीकडचे सगळे पाणी काढून टाका. पाळ आणि काच यांच्यामध्ये हातभर रुंदीचा पाण्याचा पट्टा तेवढा राहिला. त्याची उंची तीच, म्हणून पाळीवरचा जोरही तोच. शंभर एकर पाणी गेले आणि पाळीला पत्ताही लागला नाही! आधी त्या पट्ट्याला पलीकडचे पाणी रेटून धरत होते, आता काच धरते आहे, एवढाच फरक.

हिशेबही सोपा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन. म्हणून ३ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ३ टनांचा दाब, पृष्ठभागावर शून्य, सरासरी दीड. दीड गुणिले ३ म्हणजे पाळीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टन. खोली दुप्पट करून ६ मीटर केली, तर सरासरी दाब ३ टन आणि एकूण जोर १८ टन. खोली दुप्पट झाली, जोर चौपट झाला. पायथा रुंद का ठेवतात, याचे एक कारण इथे सापडते. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे, त्याला ३३ दरवाजे आहेत. नदीत मागे कित्येक किलोमीटर पाणी पसरते, पण एखाद्या दरवाजावरचा शांत पाण्याचा रेटा काढायचा असेल तर त्या किलोमीटरांची गरज पडत नाही. दरवाजाचा आकार आणि त्याच्यापुढची पाण्याची खोली पुरते.

भौतिकशास्त्राचे पुस्तक कोणते घ्यावे, असे कुणी विचारले की पुस्तकांची नावे सांगण्याआधी मला हा पाळीचा प्रश्न पुढे करावासा वाटतो. याद्या खूप मिळतात, आणि प्रत्येक यादीत तीच दहा नावे असतात. परंतु यादी वाचून घेतलेले पुस्तक दुसऱ्याच्या कुतूहलासाठी घेतलेले असते. आपल्या गावातला एक प्रश्न घेऊन दुकानात किंवा ग्रंथालयात जावे, त्या प्रश्नाचे पान उघडावे आणि पुस्तक काय करते ते पाहावे. सूत्र देऊन मोकळे होते, की आधी चकित करते? आणि चकित केल्यावर तुम्हाला ते स्वतः तपासून पाहता येईल असे काही हातात देते का?

तपासण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण छापलेले सगळे खरे नसते. पाण्याच्या बाटलीचे चित्र तुम्ही पाहिले असेल. बाटलीला एकाखाली एक तीन भोके, वरच्या भोकातली धार जवळ पडते, मधली थोडी पुढे आणि खालची सगळ्यात लांब. खोलीबरोबर दाब वाढतो हे दाखवायला जगभरच्या शालेय पुस्तकांत हे चित्र छापले गेले आहे. आता एक बाटली घ्या. पाण्याची पातळी २० सेंटिमीटर धरा आणि ५, १० व १५ सेंटिमीटर उंचीवर सारखी भोके पाडा. बाटली सपाट फरशीवर ठेवा, पातळी टिकून राहावी म्हणून वरून पाणी ओतत राहा आणि धारा फरशीवर कुठे पडतात ते पाहा. मधली धार सगळ्यात लांब जाते. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडतात!

खालच्या धारेचा वेग सगळ्यात जास्त असतो, यात शंका नाही. पण तिला हवेत राहायला वेळच मिळत नाही, ती लगेच फरशीवर येते. वरच्या धारेला पडायला वेळ भरपूर आहे, पण वेग कमी आहे. वेग आणि वेळ यांचा गुणाकार मध्यावर सगळ्यात मोठा येतो. गणिताने वरची आणि खालची धार सुमारे १७ सेंटिमीटरवर आणि मधली २० सेंटिमीटरवर पडायला हवी. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडे कमी भरेल. भोकातून निघणाऱ्या धारेच्या वेगाचा नियम इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४४ साली छापला होता. तरीही चुकीचे चित्र पुढे छापले जात राहिले, कारण काढणाऱ्याने बाटलीला भोके पाडून पाहिली नव्हती. (बाटली उंच स्टुलावर ठेवली आणि धारा खाली जमिनीवर पडू दिल्या, तर खालची धार पुढे जाऊ शकते. म्हणजे चित्र खरे की खोटे हे बाटली कशावर ठेवली आहे त्यावर ठरते, आणि चांगले पुस्तक हे सांगते.) दुकानात एखादे पुस्तक हातात आले की मी हे चित्र आहे का ते आधी शोधतो. लेखक किती काळजीने लिहितो, ते तिथे लगेच कळते.

पाळीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ हा धडा आहे. ‘द्रायू’ हा शब्द मराठी माध्यमाच्या मुलांना तिथे भेटतो. जे वाहते ते द्रायू, मग ते पाणी असो की हवा. मोठ्या माणसांनी भौतिकशास्त्राची सुरुवात करायला आठवी ते दहावीची ही पुस्तके घ्यावीत असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि त्यात कुणी कमीपणा मानू नये. ती स्वस्त आहेत, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. नववीचे पहिले प्रकरण गतीचे नियम, दहावीचे पहिले गुरुत्वाकर्षण. आकाशगंगा आणि कृष्णविवरांच्या गप्पा मारायच्या असतील, तरी या दोन पायऱ्या चुकत नाहीत.

गावाकडच्या विद्यार्थ्याची खरी अडचण दहावीनंतर सुरू होते. दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, घनता हे शब्द अंगवळणी पडलेले असतात. अकरावी सायन्सला पुस्तक इंग्रजीत येते आणि तेच सगळे फोर्स, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, डेन्सिटी होऊन बसते. पोराला वाटते, भौतिकशास्त्र अवघड झाले. पुष्कळदा अवघड झालेली असते ती भाषाच. यावर उपाय साधा आहे, पण तो कुणी सांगत नाही. बालभारतीचे विज्ञान मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहे आणि धडे तेच आहेत. दहावीच्या सुट्टीत दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून एकेक धडा वाचावा. महागड्या क्रॅश कोर्सच्या आधी हे करावे.

बारावीच्या महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण द्रायूंचे आहे. तिथे आपला तलाव पुन्हा भेटतो, पण ‘हायड्रोस्टॅटिक पॅरॅडॉक्स’ या भारदस्त नावाने. निरनिराळ्या आकारांची भांडी, सगळ्यांत पाणी एकाच उंचीचे, तळाशी दाब सारखा. हा चमत्कार पहिल्यांदा नीट मांडला सिमॉन स्टेव्हिनने, १५८६ साली. तो हॉलंडमधला, समुद्राला बांध घालून जमीन राखणाऱ्या मुलखातला इंजिनिअर. विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून त्याने त्यावरचे आपले पुस्तक लोकांच्या डच भाषेत लिहिले. पाण्याचा एक भाग मनातल्या मनात वेगळा काढून विचार करण्याची रीतही त्याचीच. आपली वरची काच तिथूनच आलेली.

मग येते एच. सी. वर्मा यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’. १९९२ साली पाटण्याच्या भारती भवनने ते काढले आणि तेव्हापासून जेईई-नीटच्या पोरांच्या टेबलावरून ते हललेले नाही. दोन भाग आहेत. द्रायू पहिल्या भागात, तेराव्या प्रकरणात. हे पुस्तक बहुतेक जण उलटे वापरतात असे मला वाटते. प्रकरण चाळायचे, सूत्रे वहीत उतरवायची आणि थेट शेवटच्या गणितांवर झडप घालायची. पण गणितांच्या आधी लहान उत्तरांचे प्रश्न आहेत, बहुतेक आकड्यांवाचूनचे. पुस्तकाचा जीव तिथे आहे. त्या प्रश्नांवर मित्राशी तासभर भांडता आले, तर पुस्तक तुमचे झाले. हॅलिडे-रेझनिक जास्त ऐसपैस आहे, रंगीत आहे, किमतीलाही जड आहे; ग्रंथालयात असेल तर जरूर वापरावे. इरोडॉव्हच्या गणितांचे पुस्तक मात्र पहिल्या झटक्यात कुणी घेऊ नये. ते मानाचे म्हणून कपाटात ठेवलेले मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे, कोरे करकरीत.

विद्यार्थी नसलेल्या वाचकाचे काय? इथे मला सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती नागपूरलाही शिवून जाते. रामन तरुणपणी सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते. कलकत्ता, मग रंगून, आणि १९१० च्या सुमारास नागपूर. दिवसा सरकारचा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात घरी प्रयोग. आज नागपुरात त्यांच्या नावाचे रामन विज्ञान केंद्र आहे, अड्याळहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. पुढे रामन यांनी आपल्याला घडवणारी तीन पुस्तके सांगितली, तेव्हा ऐकणारे चक्रावले असतील. एक एडविन अर्नोल्डचे ‘द लाइट ऑफ एशिया’, म्हणजे बुद्धाच्या चरित्रावरचे काव्य. दुसरे युक्लिडची भूमिती. तिसरे हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे ध्वनी आणि संगीत यांवरचे पुस्तक. तिन्हींपैकी भौतिकशास्त्राचे म्हणावे असे एकच.

त्या एकाने काय केले पाहा. ताणलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही निघतात, म्हणून तार सुरेल लागते. ढोलासारख्या गोल कातड्याचे तसे नाही. त्याचे स्वर १ नंतर १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटींत येतात. कानाला धप्प असा आवाज लागतो, सूर सापडत नाही. ढोल बेसूर असतात, हे भौतिकशास्त्राचे ठरलेले मत होते. पण रामन यांच्या कानात मृदंग आणि तबला होता. तबल्याचा दायाँ तर षड्जाला लावतात! मग पुस्तकाचे खरे की कानाचे? १९२० साली एका सहकाऱ्याबरोबर ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले की आपल्या या वाद्यांचे स्वर १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटींत येतात, तारेसारखे. ते घडवते कातड्याच्या मधली काळी शाई. तिच्या वजनामुळे कातड्याच्या कंपनांचे ते आडनिडे आकडे सरकतात आणि पूर्णांकांपाशी येऊन बसतात. वेगवेगळ्या तऱ्हांची नऊ कंपने पाच स्वरांत गोळा होतात. भजनाच्या फडात तबला लावताना हातोडीने गट्टे ठोकणाऱ्याला हे गणित माहीत नसते, पण शाई उडालेला तबला सुराला येत नाही हे पक्के माहीत असते.

हेल्महोल्ट्झचे पुस्तक यात चूक ठरले का? त्याच्यासमोर जी वाद्ये होती, त्यांच्यापुरते ते बरोबरच होते. त्याने प्रश्न इतका स्वच्छ मांडला होता की हजारो मैलांवरच्या वाचकाला आपल्या घरातले वाद्य त्यापुढे ठेवून पाहता आले. मायकेल फॅरडेचेही असेच. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेल्या विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला, जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक वाचले, आणि चार पैसे जमवून त्यांतले प्रयोग करून पाहिले. पुस्तकातले खरे निघाले तेव्हाच त्याचा पुस्तकावर विश्वास बसला. गंमत अशी की शास्त्र संवादातून शिकवण्याची ही तऱ्हा मराठीत फार लवकर आली. हरि केशवजी यांनी १८३० च्या दशकातच पदार्थविज्ञान आणि रसायन यांवरची संवादरूप पुस्तके मराठीत आणली होती. तेव्हा मराठी गद्यच नुकते छापले जाऊ लागले होते.

म्हणून सर्वसाधारण वाचकाला मी कृष्णविवरांची पुस्तके आधी सुचवत नाही. स्टीफन हॉकिंग यांचे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ साली आले. प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल असे त्यांना बजावले गेले होते, आणि त्यांनी आइन्स्टाइनचे एक प्रसिद्ध समीकरण तेवढे ठेवले. पुस्तक सुंदर आहे, पण त्यातले काहीच वाचकाला आपल्या अंगणात तपासता येत नाही. लेखकाच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. आधी याकोव्ह पेरेलमनचे ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ वाचावे. मूळ रशियन पुस्तक १९१३ चे. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची त्याची इंग्रजी आवृत्ती एके काळी आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळे. रेल्वे, नाणी, सावल्या, उकळते पाणी, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतल्या चुका, असा त्याचा संसार आहे. मराठीत जयंत नारळीकरांकडे जावे, ‘आकाशाशी जडले नाते’पासून. त्यांची पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने गेली होती आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीने ती उतरवून दिली होती. नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये, एवढी काळजी घेणारा लेखक शास्त्र सांगतानाही काळजीनेच सांगतो. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ सालापासूनचे आहे, म्हणजे त्याच वर्षी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाचे जुळे भावंड म्हणा. गावाच्या ग्रंथालयात कुठे त्याचे जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर ते सोडू नयेत. पुस्तके दशांश पद्धतीने लावलेली असतील तर भौतिकशास्त्राचा आकडा ५३०.

आणि मग रिचर्ड फाइनमन. १९६१ ते १९६३ या काळात कॅल्टेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली व्याख्याने, तीन जाड खंड, आज कॅल्टेकच्या कृपेने इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. मुलांना ती कितपत झेपली, याबद्दल खुद्द फाइनमन प्रस्तावनेत साशंक आहेत. परीक्षेसाठी ती वापरू नयेत. पण ज्याला पाळीचा प्रश्न एकदा चावला आहे, त्याने पहिल्या खंडातले लाटांचे एक्कावन्नावे प्रकरण उघडावे. मघाशी आपण पाणी शांत धरले होते. वारा सुटला की तलाव केवढा याला अर्थ येतो. जितके लांबवर मोकळे पाणी, तितकी मोठी लाट पाळीवर येऊन आपटते, म्हणून मोठ्या तलावाच्या पाळीला आतून दगड लावतात. (पाळ फुटते तीही बहुधा त्या साडेचार टनांनी नव्हे. पाणी माथ्यावरून उलटते किंवा मातीतून झिरपत वाट काढते.) लाट म्हणजे काय हे शिकवायला सगळे जण पाण्याच्या लाटेचे उदाहरण देतात, आणि फाइनमन म्हणतात की याहून वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण लाटेत जेवढ्या म्हणून भानगडी असू शकतात त्या सगळ्या पाण्याच्या लाटेत आहेत.

दुसऱ्या खंडात ४० वे प्रकरण कोरड्या पाण्याचे आणि ४१ वे ओल्या पाण्याचे. ही थट्टा नव्हे. ज्याला चिकटपणा नाही असे काल्पनिक पाणी म्हणजे कोरडे पाणी. गणित त्याचे सुटते. खरे पाणी ओले, थर थराला ओढणारे, भोवरे करणारे. त्याची समीकरणे नाविए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली. पण ती समीकरणे तीन मितींत नेहमीच सुरळीत उत्तर देतात की नाही, हे आजतागायत कुणाला सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलर लावले, ते अजून तसेच पडून आहेत.

त्या प्रश्नाचे दार घरच्या नळाशी आहे. नळ अगदी थोडा उघडा, धार काचेच्या कांडीसारखी नितळ पडते. सावकाश वाढवत न्या. एका ठिकाणी ती एकाएकी खडबडीत होते, पांढुरकी होते, आवाज करू लागते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हाच बदल पाहिला. वेग वाढवत नेला तशी रेघ सरळ होती ती विस्कटली आणि नळीभर पसरली. नेमकी कधी विस्कटते हे नळीच्या तोंडाशी पाणी किती शांत होते यावरही ठरते, असे त्याच्या लक्षात आले. नळ हळूहळू बंद करत आणला तर धार त्याच जागी पुन्हा नितळ होते, की आणखी खाली येऊन, ते मात्र स्वतःच पाहावे लागेल. प्रत्येक नळाचे उत्तर वेगळे येते.